व्हायोलिन: रोज वाजवूनही तार सप्तक (वरचं सप्तक) डगमगतं, आवाज खरखरीत येतो. रियाजात काय बदलू?

राजारामपुरी_सहावी_गल्ली

नमस्कार मंडळी. नोकरी बँकेत, घर कोल्हापुरात राजारामपुरीत, व्हायोलिन हातात घेतलं ते तिशी उलटल्यावर. मांडी घालून वाजवते, स्क्रोल (मानेचं वळलेलं टोक) उजव्या पावलावर. तारा सा-प-सा-प, सा पांढरी तीन (पाश्चात्त्य ई). क्लास आठवड्यातून एकदा, बाकी माझं मी.

रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास बसते. क्रम ठरलेला: अलंकार, पलटे, मग सध्या चालू असलेला बागेश्री, त्याची बंदिश, शेवटी ताना. आधी ज्यांच्याकडे जायचे ते म्हणायचे, घासत राहा, आपोआप येतं. घासतेय. मध्य सप्तक आता बरं लागतं. पण ‘ग म ध नि सां’ करत वर गेले की तार सा एकदा बरोबर, एकदा चढा, आणि त्यापुढचे कोमल ग, म तर रोज नव्या जागी सापडतात. वर आवाज खर्र खर्र येतो. लांब सूर धरला की बो (गज) मध्येच थरथरतो. जोर दिला तर किंकाळी, सोडला तर शिट्टी.

वरच्या मजल्यावरच्या काकू परवा जिन्यात भेटल्या. ‘अजून शिकतीयस व्हय?’ एवढंच म्हणाल्या. सूर काळजीचा होता.

वेळ वाढवणं शक्य नाही, मुलाची आठवी आहे. आहे त्याच वेळात काय बदलू? फिंगरबोर्डवर खुणेच्या पट्ट्या चिकटवाव्यात का? आणि पावसानं खुंट्या अशा आवळल्यात की फिरेनातच, त्यावर काही उपाय?

तांबडा_पांढरा

काकूंनापण इथं अकाउंट काढायला सांगा, दुसरी बाजू ऐकली पाहिजे.

चेष्टा सोडा ताई. मी गिटारवाला, तुमच्या वाद्यातलं फारसं कळत नाही. पण मेट्रोनोम लावून एकदम सावकाश सुरू करा आणि लय रोज थोडी थोडी वाढवा. एकेक पलटा शंभरदा. बोटं आपोआप जागेवर पडायला लागतील.

खर्जातला_आप्पा

ताई, मी गुरू-बिरू कोणी नव्हे. साखर कारखान्यात हिशेबाला होतो. संध्याकाळी नाट्यसंगीताचा कार्यक्रम, भजनी मंडळ, लग्नातला ऑर्केस्ट्रा, जिथं बोलावतील तिथं व्हायोलिन घेऊन जायचो. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागायच्या आधी त्या स्टेजवर साथीला पुष्कळ बसलोय. तेव्हा हे साथीदाराचं बोलणं समजा.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अलंकार आले, पलटे आले, बंदिश आली, ताना आल्या. बो कुठंच आला नाही. तक्रार आवाजाची, आणि रियाज सगळा डाव्या हाताचा! आवाज काढतो उजवा हात, त्याला तुम्ही दीड तासात एक मिनिटही वेगळं देत नाही. शंभर पलटे घासलेत तर बोचा दोष शंभरदा पक्का होईल, दुसरं काही नाही. (तांबडा-पांढरा, राग मानू नका. गिटारला पडदे असतात, आमच्याकडं सगळा रामभरोसे कारभार.)

उद्या बसाल तेव्हा डावा हात मांडीवर ठेवा. मांडी घालून वाजवण्यात ही सोय आहे, व्हायोलिन खांदा आणि पाऊल यांच्यात टेकलेलं असतं, डाव्या हातानं ते पेलावं लागत नाही. मधल्या ‘सा’ची मोकळी तार घ्या. सेकंदाला एक मात्रा असा ठेका लावा आणि आठ मात्रांत एक बो, मुठीपासून शेंड्यापर्यंत. मग आठ मात्रांत परत. सोपं वाटतं. करून बघा. पाचव्या-सहाव्या मात्रेला बो संपत आलेला असेल, म्हणजे सुरुवातीला उधळपट्टी झाली. मुठीजवळ बो जड पडतो, तिथं करंगळीनं त्याचं वजन थोडं उचलून धरायचं. शेंड्याकडं तो हलका होतो, तिथं तर्जनीनं वजन हळूहळू वाढवायचं. ही देवाणघेवाण जमत नाही तोवर सूर मध्ये फुगणार आणि शेवटी विझणार. तुमचा थरथराटही बहुधा इथलाच. मधोमध आलं की बो उडी मारतो, कारण अंगठा आणि मनगट ताठ असतात. अंगठा जरा वाकलेला हवा.

एक आरसा समोर ठेवा. बो घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) समांतर चाललाय का बघा. शेंड्याकडं जाताना कोपर मागं राहतं आणि बो तिरका होऊन फिंगरबोर्डकडं घसरतो. तार तीच, बोट तेच, आणि आवाज एकदम फुसका. वाजवणाऱ्याला वाटतं जोर कमी पडला, म्हणून तो दाबतो, की लागली किंकाळी. चरकात ऊस घालतात तसा बो दाबायचा नसतो ताई, हाताचं वजन नुसतं टेकवायचं असतं.

आता तार सप्तकाचं, कारण खरी गोम इथंच आहे. बोचा वेग, त्याचं वजन आणि घोडीपासूनचं अंतर, या तिघांचं जमलं तरच सूर उघडा लागतो. घोडीजवळ बो हळू आणि वजनदार चालतो, फिंगरबोर्डजवळ झपझप आणि हलका. बोट वर सरकलं की वाजणारी तार आखूड होते. तार आखूड झाली की बोनंही थोडं घोडीकडं सरकलं पाहिजे. तुम्ही मध्य सप्तकात जिथं बो फिरवता तिथंच तार ग वाजवत असणार, शिवाय मध्य सप्तकाइतकंच वजन देऊन. मग खर्र होणारच. तार सा धरा आणि बो एकदा फिंगरबोर्डच्या कडेला, एकदा मधोमध, एकदा घोडीच्या अगदी जवळ, असा फिरवून नुसतं ऐका. कुठंतरी सूर एकदम उघडतो. ती जागा प्रत्येक सुराची वेगळी. ती डोळ्यांनी नव्हे, कानानं शोधायची.

यालाच रात्रीची पहिली वीस मिनिटं द्या. ताना महिनाभर बंद. काही बिघडत नाही.

सुरेलपणासाठी एक गंमत सांगतो. कागदाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मधोमध दुमडून मधल्या सा च्या मोकळ्या तारेवर घोड्यावर बसवल्यासारखा ठेवा. मग सगळ्यात वरच्या प च्या तारेवर तार सा वाजवा. बो फक्त त्याच तारेवर, शेजारच्या तारेला लागू द्यायचा नाही. सूर नेमका लागला तर खालची तार आपोआप कंप पावते आणि कागद थरथरतो, कधी उडूनही पडतो. जरा चढा-उतरा असेल तर कागद ढिम्म. बो उचलल्यावरही सूर मागं घुमत राहतो तो याच तारेमुळं. ही सवय लागली की कागद लागत नाही, घुमण्यावरूनच कळतं.

पण बागेश्रीचा वादी, म्हणजे मुख्य सूर, म, आणि सा-प-सा-प तारांत म ला असा आधार कुठलीच मोकळी तार देत नाही. तेव्हा तंबोऱ्याच्या ॲपवर पहिली तार प ऐवजी म ला लावा, या रागाला तसाच लावतात. प ला लावलेल्या तंबोऱ्यावर तुम्ही बागेश्रीचा म शोधत असाल तर तो सापडेनासा झाला यात नवल नाही.

मग ‘ग म ध नि सां’, एवढाच तुकडा. आधी गळ्यानं म्हणा. आवाज कसा का असेना, म्हणा. एकदाच वाजवा, थांबा, आणि सा चढा की उतरा हे तोंडानं बोला, मगच पुन्हा वाजवा. असं चार-पाचदा झालं की तो तुकडा सोडून मोकळ्या तारेवर जा, बंदिशीचा मुखडा घ्या, आणि मध्येच अचानक परत या. परत आल्यावर पहिल्या फटक्याला जे लागतं ते तुमचं. ओळीनं वीसदा वाजवल्यावर लागलेला सा त्या रात्रीपुरता असतो, सकाळी पेटी उघडली की गायब.

बंदिशही तशीच. शब्द म्हणून बघा, श्वास कुठं घेता तिथं बो बदला. शब्दाच्या मध्ये बो उलटला की गाणं तुटतं. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकलं असेल तर ध्यानात येईल, शब्द माहीत असलेलं गाणं तारेवर चक्क ऐकू येतं. रागदारीत द. के. दातार ऐका, एन. राजम ऐका. राजमबाईंना ओंकारनाथ ठाकुरांची तालीम, त्यांच्या आलापात बो कधी बदलला ते कळतसुद्धा नाही. व्ही. जी. जोगांची चाल निराळी, लयीशी खेळ जास्त, त्यात बो मुद्दाम तोडलेला ऐकू येतो. या जोगांचा जन्म १९२२ चा. मला स्वतःला दातार जवळचे. पण ऐकताना पोळ्या लाटत ऐकू नका. एकच आलाप घ्या आणि फक्त बो कुठं उलटतो ते मोजा.

पट्ट्या चिकटवू नका. डोळा बोटांवर गेला की कान बंद पडतो.

खुंट्यांचं उद्या लिहितो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.

शिरोलीचा_मापाडी

मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, व्हायोलिन वाजवते ती माझी मुलगी. सुरातलं आप्पांनी सांगितलं, मी मापातलं सांगतो.

फुल साइज व्हायोलिनवर नटपासून (खुंट्यांजवळची पट्टी, जिथून वाजणारी तार सुरू होते) घोडीपर्यंत वाजणारी तार साधारण ३२८ मिलिमीटर धरा. तुमच्या वाद्यावर पट्टीनं मोजा, एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं असेल. मधल्या सा च्या तारेवर कोमल ग ते म हे अंतर येतं सुमारे २७ मिलिमीटर. तेच दोन सूर तार सप्तकात प च्या तारेवर घेतले तर अंतर उरतं साधारण २०.५. म्हणजे जवळजवळ पाव जागा गेली. तुमचा हात मध्य सप्तकाचं माप घेऊन वर जातो आणि म चढा पडतो. ‘रोज नव्या जागी सापडतात’ असं तुम्ही लिहिलंय, पण मला वाटतं ते दर वेळी एकाच बाजूला चुकत असणार. रेकॉर्ड करून बघा. मोबाईल मांडीवर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कानाजवळ ऐकू येणारी बरीचशी खरखर तिथवर पोचत नाही, उरते ती खरी.

दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही. दुकानात मिळणारा तारांचा सेट पाश्चात्त्य जी-डी-ए-ई साठी बनवलेला असतो. तुमचा सा पांढरी तीन, म्हणजे खालच्या दोन तारा मूळ सुरापेक्षा तीन अर्धस्वर खाली आणि वरच्या दोन तब्बल पाच अर्धस्वर खाली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर खालच्या दोन तारांचा ताण साधारण ३० टक्के आणि वरच्या दोन तारांचा ४४ टक्के कमी झालाय. इतक्या ढिल्या तारेवर जरा जास्त वजन पडलं की ती कण्हणारच, आणि बोट दाबलं तरी सूर चढणार. सगळा दोष हाताला देऊ नका.

सा काळी तीनला (एफ शार्प) नेलात तर खालच्या तारा एकच अर्धस्वर खाली राहतात, वरच्या तीन. तारा तुटायची भीती नाही, त्या त्याहून जास्त ताणासाठीच केलेल्या असतात.

पट्ट्यांच्या बाबतीत मी आप्पांच्या विरुद्ध. एकच पट्टी लावा, तार सा ची, नटपासून ८२ मिलिमीटरवर. तार बरोबर पाव भाग आखूड झाली की त्या जागी प चा सा होतो. मुलीला सुरुवातीला तीच एक लावली होती, पुढं आपोआप निघून गेली.

खर्जातला_आप्पा

मापाडीसाहेब, ताणाचं तुमचं अगदी बरोबर. नवीन शिकणाऱ्याला सैल तारेवर का बसवतात मला कधी समजलं नाही. बोटं दुखत नाहीत म्हणून असेल. एकटं वाजवायचं तर सा वर न्यायला काहीच हरकत नाही. गाणाऱ्याबरोबर बसाल तेव्हा त्याचा सा, तो प्रश्न निराळा.

पट्टीचं पटलं नाही. तुमच्या मुलीच्या कानाला तुम्ही आहात, म्हणून ती निघाली.

आता खुंट्या. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा अशी ओली की लाकूड फुगतं, खुंटी भोकात आवळते. मार्च-एप्रिलमध्ये उलटं, सुकून सटकते आणि सकाळी पेटी उघडली तर चारही तारा लोळताना दिसतात. आवळलेली खुंटी पक्कडीनं फिरवू नका, मोडते. व्हायोलिन एक दिवस कोरड्या खोलीत पेटीबाहेर ठेवा, भिंतीला टेकवून नको, भिंतीला ओल असते. फॅन लांबून चालू. मग खुंटी फिरवताना किंचित बाहेर ओढत फिरवा. सुटली की एकेक करून काढा, सगळ्या एकदम काढू नका, ताण गेला की घोडी पडते आणि आतला साउंडपोस्टही (पोटातली आधाराची काडी) आडवा होऊ शकतो. तो उभा करणं घरातलं काम नव्हे. काढलेल्या खुंटीला जिथं चकाकी आलीय तिथं पेग पेस्ट चोळा. नसेल तर कोरडा साबण आणि त्यावर फळ्याचा खडू. साबणानं सरकते, खडूनं धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

रोझिनचं (बोच्या केसांना लावायची राळ) राहिलं. पावसाळ्यात बोचे केस ओलावा धरून सैल पडतात, मग लोक रोझिन जास्त लावतात. तारांवर आणि घोडीखाली पांढरी पूड साठली असेल तर रोझिन जास्त झालं. कोरड्या सुती फडक्यानं रोज पुसा, आणि वाजवून झाल्यावर बोचा स्क्रू सैल करायला विसरू नका.

राजारामपुरी_सहावी_गल्ली

आप्पा, मापाडीदादा, मनापासून आभार. थोडे दिवस करून बघितलं, मग लिहायला बसले.

मोकळ्या तारेवर आठ मात्रा खरंच जमत नव्हत्या. सहाव्या मात्रेलाच हात संपायचा. आता आठ होतात, शेंड्याकडं आवाज अजून विझतो. कागद पहिल्यांदा थरथरला तेव्हा मुलाला हाक मारून दाखवला, त्यानं मला ते रेझोनन्स आहे असं समजावून सांगितलं. तंबोरा म ला लावल्यावर बागेश्रीत एकदम जागा मिळाल्यासारखं झालं, हे कोणी आधी का सांगितलं नाही?

रेकॉर्डिंग ऐकलं. मापाडीदादा बरोबर निघाले, तार म दर वेळी चढाच. पण तार ग कधी चढा, कधी उतरा. त्याचं काय?

आणि रात्री आवाज कमी यावा म्हणून घोडीवर बसवायचा रबरी म्यूट आणलाय. तो लावून बोचा रियाज केला तर चालेल का? सा काळी तीनला न्यायचाय, त्यासाठी नवा सेट घेऊ की हाच ओढू?

शिरोलीचा_मापाडी

हाच ओढा. तारांवर गंज किंवा वेटोळं सुटलेलं दिसत असेल तरच नवा. दोन-तीन दिवसांत थोडं थोडं वर न्या, चारही तारा सारख्याच वेगानं.

खर्जातला_आप्पा

म्यूट लावून बो करू नका. म्यूट खरखर झाकतो, आणि तुम्हाला तीच तर ऐकायचीय. बोची वीस मिनिटं संध्याकाळी घरी आल्याबरोबर उरका, तेव्हा गल्लीत गाड्यांचाच आवाज जास्त असतो. रात्री जेवणानंतर म्यूट लावून डाव्या हाताचं काम.

तार ग चं उत्तर तुमच्या अंगठ्यात असणार. सा पर्यंत अंगठा मानेशी एका जागी राहतो, ग ला बोट पुढं जातं आणि अंगठा मागंच. हात ताणला गेला की बोट कधी पोचतं, कधी नाही. पूर्ण हात सरकू द्या, अंगठ्यासकट. सा वरून ग पर्यंत एकाच बोटानं, बो न तोडता, सावकाश मींड घ्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जा. मानेवरची पकड इतकी सैल हवी की मींड घेताना अंगठा घासल्याचा आवाज येता कामा नये. बागेश्रीतला कोमल ग तसाही नुसता टोचून ठेवायचा सूर नाही, म कडून अंगानंच यायचा. तेव्हा ‘म ग’ अशी उतरती मींडही घ्या, चढतीपेक्षा तीच आधी बसेल.

सा वर नेताना एक मात्र बघा. खुंटी आवळली की तार घोडीचा माथा आपल्याबरोबर फिंगरबोर्डकडं ओढते. प्रत्येक वेळी बाजूनं डोळा लावून बघा, घोडीची शेपटीकडची बाजू पोटाशी काटकोनात उभी हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू मागं घ्या, तारा आहेत तशाच ताणलेल्या ठेवून. घोडी आधीच वाकडी झालेली असेल तर हात लावू नका, जाणत्या माणसाला दाखवा. मिरजेला जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून विचारा, तिथं हात बसलेला आहे तो सतार-तंबोऱ्यावर, व्हायोलिनची घोडी कोण बसवतो ते नेमकं विचारूनच जा.